उंबऱ्याच्या आत अडकलेली चाकाची खुर्ची

मित्रांनो, मला जुनी म्हणा, खिळखिळी म्हणा, चालताना डावीकडं ओढते म्हणून नावं ठेवा, मी ऐकून घेईन. पण मला कुणी सामान ठेवायची फळी समजलं की माझा जीव जळतो. मी चाकाची खुर्ची आहे. ज्याला चालता येत नाही त्याला चार भिंतींच्या बाहेर काढायचं, हे माझं काम. आणि मीच एका घरात कशी अडकून पडले, ते आज सांगते. रडगाणं वाटलं तर वाटू द्या. मला एरवी बोलायला मिळतं कुठं?

माझा जन्म कारखान्यातला. नळ्या वाकवल्या, जोडल्या, त्यांना चकाकी दिली. निळ्या रेक्झिनची बैठक शिवली. पुढं दोन बारकी चाकं, मागं दोन मोठी, ढकलायला दोन मुठी आणि बसलेल्या माणसाच्या कमरेला एक पट्टा. ट्रकनं परभणीला आले, तिथून टेम्पोत बसून आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू! बाळंतपणाला आलेल्या बाया माझ्यावर बसल्या. बैलानं मारलेले, दुचाकीवरून घसरलेले, विंचू चावला म्हणून आकांत करणारे, सगळ्यांना मी दारापासून खाटेपर्यंत नेलं. नातेवाईक म्हणायचे, बरी आहे बाबा खुर्ची, आवाज करत नाही.

पुढं माझ्या दोन बहिणी दवाखान्यातून गायब झाल्या. त्यातली एक लग्नाच्या वरातीत आवाजाचे मोठे डबे वाहताना दिसली, असं कुणीतरी सांगत आलं. झालं! दवाखान्यातल्या आश्रुबा शिपायानं मला साखळीनं खांबाला बांधलं आणि किल्ली करदोड्याला अडकवली. ज्याला मी हवी, त्यानं पायातली एक चप्पल आश्रुबाकडं ठेवायची. एकच का, तर एका चपलेवर कुणी पळून जात नाही, असा त्याचा हिशोब. आश्रुबा जेवायला गेला की माणसं माझ्यासमोर कण्हत बसायची आणि मी खांबाला बांधलेली. तेव्हा मला वाटायचं, याच्याहून वाईट काय असणार? मला काय माहीत होतं!

मग दवाखान्याचं नशीब उघडलं. एका वर्षात नवी इमारत उभी राहिली, खाटा वाढल्या, किडनीच्या रोग्यांसाठी रक्त शुद्ध करायची यंत्रं आली. पूर्वी ज्या तपासणीला परभणी गाठावी लागायची ती इथंच व्हायला लागली. गावोगाव शिबिरं भरली. माझ्या जागी कोऱ्या, हलक्या खुर्च्या आल्या. मी म्हटलं, आता आपण भंगारात. पण त्याच वर्षी दवाखान्यानं आणखी एक काम काढलं. जी माणसं अंथरुणाला खिळली आहेत, दवाखान्यात येऊच शकत नाहीत, त्यांच्या घरी जायचं. त्यासाठी एक गाडी आणि संघप्रिया नावाची नर्स. ही पोरगी गोड बोलणारी, पण चिडली की कुणाचं ऐकायची नाही. तिनं आश्रुबाकडून किल्ली घेतली, माझी साखळी सोडली आणि मला गाडीत टाकलं. मित्रांनो, मी इतकी खूश झाले की रस्त्यावरचे खड्डेसुद्धा मला गोड लागले.

चारठाण्याच्या रस्त्याला लागून एक गाव आहे. तिथं मारुतीच्या पाराजवळ महारुद्रचं किराणा दुकान. लिंगायत घर. दुकानाच्या बाजूनं घराचं दार, आणि आत, मधल्या खोलीत, महारुद्रची आई सुलाबाई. लकव्यानं त्यांचं उजवं अंग गेलेलं, जीभ जड झालेली. त्याआधी ते दुकान त्याच चालवत. नवरा असताना आणि तो गेल्यावरही. आता त्या भिंतीपलीकडून गिऱ्हाइकांचे आवाज ऐकत छताकडं बघत पडून होत्या. पडून पडून पाठीला, कमरेच्या वर, जखम झाली होती. संघप्रियानं पहिल्याच दिवशी महारुद्रला आणि त्याच्या बायकोला, राजेश्रीला, ती जखम दाखवली. सांगितलं, रोज बसवा, कूस बदला, बाहेर उजेडात न्या. नाही तर ही जखम हाडापर्यंत जाईल आणि मग कुणाच्या हातात काही राहणार नाही.

मग तिनं सुलाबाईंना उचलून माझ्यावर बसवलं. मानेमागं उशी दिली, कमरेला पट्टा बांधला. सुलाबाईंची मान जराशी कलली. मी वळून बघू शकत नाही, पण समोरची दोघं मला दिसत होती. राजेश्रीनं पदर तोंडाला लावला. महारुद्र पाठ फिरवून दुकानात निघून गेला. मला वाटलं, आनंदानं गळा भरून आला असेल. इतकी मी मूर्ख!

संघप्रियाची गाडी गेली तशी सुलाबाईंना परत खाटेवर निजवलं आणि मला कोपऱ्यात लोटलं. दुसऱ्या दिवशी माझ्यावर बिस्किटांचा खोका आला. मग साबणाचा. मग चहापुडीच्या माळा माझ्या मुठींना लटकल्या. मी वाट बघितली, उद्या काढतील, परवा काढतील. कुणी काढलं नाही. दर बुधवारी गल्लीच्या तोंडाला गाडीचा हॉर्न वाजला की राजेश्रीची धांदल उडायची. खोके खाली, मला फडकं, आणि मी खाटेशेजारी नीट उभी. संघप्रिया विचारायची, बसवता ना रोज? राजेश्री खाली बघून म्हणायची, बसवताव की. सुलाबाई डोळे मिटून घ्यायच्या. गाडी गेली की खोके पुन्हा माझ्या मांडीवर.

मित्रांनो, खांबाची साखळी परवडली. ती दिसायची तरी. इथं मला कुणी बांधलं नव्हतं आणि तरी मी हलू शकत नव्हते. दार हाताच्या अंतरावर. त्याच्यापलीकडं ऊन पडलेलं दिसायचं. खाटेवर सुलाबाई, कोपऱ्यात मी, दोघींचं तोंड दाराकडं. आणि ही माणसं वाईट असती तर मी शिव्या तरी घातल्या असत्या. पण महारुद्र रोज आईला स्वतःच्या हातानं भरवायचा. राजेश्री तिचं सगळं निस्तरायची, तोंड वाकडं न करता. मग एवढी एक गोष्ट का करत नव्हती? माझं डोकं चालेना. जखम मात्र वाढत होती. पट्टी बदलताना तिचा वास मला यायचा.

एका बुधवारी पुढची गल्ली नळाच्या पाइपासाठी खणलेली होती. गाडी गावाबाहेरच थांबली. संघप्रिया चालत आली, हॉर्न न वाजता, आणि थेट मधल्या खोलीत. मी खोक्यांखाली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग सुलाबाईंची पट्टी उघडली. आणि ती जी भडकली! म्हणाली, झरी गावात एक पोरगा खुर्चीची वाट बघायलाय, मी ही आत्ता उचलून नेते, तुम्ही बिस्किटं ठेवायला फळी करून घ्या. खोके तिनंच उतरवले, आपटून. महारुद्र दुकानातून धावत आला आणि दारात उभा राहिला.

बोलली ती राजेश्री. "सिस्टर, आमच्यात माणूस गेल्यावरच त्याला बसवून बाहेर नेतेत."

संघप्रियाचे हात थांबले. राजेश्री भिंतीकडं बघत सांगत राहिली. मामंजी गेले तेव्हा त्यांना याच खोलीत भिंतीला टेकवून बसवलं होतं. मान पडू नये म्हणून मागं उशी, कमरेला कापडाचा पट्टा. कपाळाला भस्म, गळ्यात हार. मग सजवलेल्या विमानात, म्हणजे खांद्यावरून न्यायच्या पालखीत, बसवून, गावाकडं तोंड करून, याच दारातून नेलं. "तुमी आत्याबाईला त्या खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, अन् मला तेच दिसलं. जित्या माणसाला कसं न्यावं त्या दारातून? ह्यांच्यानं तर बघवलंच न्हाई."

आणि मी त्यांना आनंद झाला समजत होते! संघप्रिया खाली फरशीवर बसली. तिचा राग कुठल्या कुठं गेला. ती म्हणाली, हे आधी का नाही सांगितलं वहिनी? राजेश्री म्हणाली, तुमी शिकलेल्या, काय म्हणताल, येडे हायेत म्हणताल. संघप्रिया म्हणाली, मी आजीचं खाणं विचारलं, झोप विचारली, औषधं विचारली, पण का बसवत नाही ते एकदाही विचारलं नाही. बाहेर एक गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं.

तेव्हा खाटेवरून आवाज आला. इतके दिवस डोळे मिटून पडलेल्या सुलाबाई बोलत होत्या. शब्द तुटक, एकेक ओढून काढलेला. "खुर्ची उंबऱ्यावरून कशी न्यायची?"

संघप्रिया उठून दाराशी गेली. उंबरा उंच होता, पलीकडं ओट्यावर उतरायला एक पायरी. तिनं समजावून सांगितलं, आजी, सरळ ढकललं तर तुम्ही तोंडावर पडाल. खुर्ची फिरवून घ्यायची, मोठी चाकं आधी, आणि हळूहळू उलटं ओढत उतरवायचं. पायरीवरून कुणालाही असंच नेतात.

"उलटं," सुलाबाई म्हणाल्या. "म्हंजी तोंड घराकडं."

"हो आजी. घराकडंच."

सुलाबाईंनी महारुद्रकडं बघितलं. "तुझा बाप गावाकडं तोंड करून गेला. मी घराकडं बघत चाललेय. मग मी जायलेय कुटं रे?"

महारुद्र रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, दाराच्या चौकटीला डोकं लावून हुंदके देत होता. मग त्यानं तोंड पुसलं, आईला उचललं, माझ्यावर बसवलं आणि मानेमागं उशी दिली. पट्टा बांधायला राजेश्री वाकली, पण तिच्या हातून बक्कल काही लागेना. सुलाबाईंनी तो पट्टा तिच्या हातातून काढून घेतला. डाव्या हातानं, दात आवळून, खूप वेळ खटपट करून, स्वतःच्या कमरेला स्वतः बांधला. एवढ्या लोकांना मी बसवलं, पण असा पट्टा कुणी बांधलेला मला आठवत नाही.

मग मला फिरवलं. संघप्रिया मागं, महारुद्र पुढून धरून. माझी मोठी चाकं उंबऱ्यावर चढली, धडक बसली, सुलाबाई कण्हल्या. महारुद्र थबकला. त्या म्हणाल्या, ओढ. मी पायरीवरून ओट्यावर उतरले आणि माझ्या पाठीला ऊन लागलं. सुलाबाई घराकडं बघत होत्या. राजेश्री आत उभी होती, ती त्यांना दिसत होती. देवळीतला दिवा, खाट, कोपऱ्यात आपटलेले खोके, सगळं दिसत होतं.

नेमकी त्याच वेळी शेजारची कडूबाई पिशवी घेऊन दुकानावर आली. तिला काय दिसलं? दारातून बाहेर आलेली, पाठमोरी, उशीला टेकून बसवलेली सुलाबाई, आणि पुढं डोळे सुजलेला महारुद्र. कडूबाईच्या हातातली पिशवी गळून पडली. तिनं हात जोडले आणि जो गळा काढला, अगं सुलाबाई, न बोलताच गेलीस गं!

सुलाबाईंना मान वळवता येत नव्हती. पण वर्षभर भिंतीआडून त्यांनी दुसरं केलंच काय होतं? आवाज त्यांनी लगेच ओळखला. तिकडं न बघताच म्हणाल्या, "कडू, साखर न्यायला आलीस का माझ्या मातीला?"

कडूबाई मटकन खालीच बसली. मग राजेश्री हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. संघप्रियानं हळूच मला फिरवून सुलाबाईंचं तोंड गल्लीकडं केलं. महारुद्र दुकानात जाऊन साखर जोखू लागला, आणि सुलाबाई त्याला ओरडल्या की पुडी नीट बांध, गळतीय.

तेव्हापासून मी त्या घरातच आहे. रोज सकाळी उलटी बाहेर येते. संध्याकाळी चढतानाही मोठी चाकं आधी, उलटंच ओढतात, त्यामुळं आत जाताना सुलाबाई गावाकडं बघत जातात. जखम अजून आहे, पण खोल जायची थांबली आहे, असं संघप्रिया म्हणते. उजवा हात काही परत येणार नाही. उंबरा तेवढाच उंच आहे आणि दोन माणसं लागतात. शेतीची गडबड असली, घरात एकच माणूस असलं की आम्ही दोघी पुन्हा आतच बसतो, दाराकडं तोंड करून. मध्यंतरी दवाखान्यानं वर्षभरात केलेल्या कामाचा मोठा कार्यक्रम झाला, किती घरं गाठली त्याचा फलक लावला. त्यात आमच्या खोक्यांखालच्या बुधवारांचीही गणती झाली असणार. मी काही तक्रार करत नाही. पण घर गाठलं म्हणजे माणूस गाठला, असं नसतं, हे मला तिथं खोक्यांखाली कळलं.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी, आतल्या खोलीत कुणी पडून असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. बाहेर का येत नाही, असं नीट विचारा आणि मग गप्प राहा, उत्तर यायला वेळ लागतो. माझ्यासारखी एखादी खुर्ची कोपऱ्यात दिसली तर तिच्यावरचं सामान उतरवा. एक ना एक दिवस सुलाबाई याच दारातून गावाकडं तोंड करून जातील, हे मला माहीत आहे. त्या दिवशी त्यांना विमान असेल, माझं काही काम नसेल. तोवर मला रोज उलटी ओढा, आणि चाकांना थोडं तेल घाला.