पियानोत गेलेली हॅट

मी एक जुना पियानो आहे. व्हिएन्नातल्या एका शाळेत फुलदाण्या डोक्यावर घेऊन उभा असतो. पण मित्रांनो, मीही एके काळी पदक मिळवलं होतं बरं!

अलॉइस क्रॉयट्नर या कारागिराने मला घडवलं. तारांच्या ताणाने लाकडी पियानो तडकायचे, म्हणून त्याने माझ्या पोटात लोखंडी चौकट बसवली. शेजारचे कारागीर खो खो हसले.

"अरे, पियानो करतोयस की चूल?"

खरं सांगायचं तर माझा आवाज पत्र्याच्या डब्यासारखाच निघायचा. कारागिरांचं मोठं प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं. तिथेही फजिती झाली असती तर अलॉइसच्या कारखान्याला टाळंच लागलं असतं.

तारांवर आपटणाऱ्या माझ्या छोट्या हातोड्यांवर हरणाचं कातडं चढवायचं काम त्याची बायको वाल्बुर्गा करायची. तिने गुपचूप सगळं कातडं उचकटलं, खाली जाड, काळ्या लोकरीचा थर चिकटवला आणि कातडं पुन्हा वर चढवलं.

प्रदर्शनाच्या सकाळी अलॉइस घर धुंडाळत होता. "माझी रविवारची हॅट कुठाय गं?"

"पियानोत."

"काय?"

"एवढी जाड लोकर घरात दुसरी नव्हती. ओरडू नकोस, आधी वाजवून बघ."

त्याने वाजवलं आणि तो ओरडायचंच विसरला. इतका मऊ, भरदार आवाज माझा मलाही ओळखू येईना.

त्या काळी व्हिएन्नात भला माणूस उघड्या डोक्याने रस्त्यात दिसत नसे. अलॉइस तसाच प्रदर्शनाला गेला आणि पदक घेऊन आला. पदकावर नाव मात्र एकट्या त्याचंच होतं. ते त्याला फार लागलं. कारागीर पहिल्या पट्टीच्या कडेवर पेन्सिलने सही करतात. पट्टी उपसल्याशिवाय ती दिसत नाही. त्याने तिथे लिहिलं, 'लोखंड माझं, आवाज वाल्बुर्गाचा.'

"कोण वाचणार आहे ते?" ती म्हणाली.

"जो मला उघडेल तो," मला सांगावंसं वाटलं.

दोघेही गेले. मी शाळेत आलो. वर्षानुवर्षं झाकण बंद राहिलं, हॅटला कसर लागली. मी मुका झालो, तशी मला जळणाला द्यायची बोलणी सुरू झाली. वाल्बुर्गाचं नावही माझ्याबरोबरच जळणार, याचंच मला वाईट वाटे.

शेवटचं म्हणून एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. "हातोड्या फेकूनच द्याव्या लागतील," तो पुटपुटला आणि त्याने पहिली पट्टी उपसली. चष्मा पुसून त्याने ती ओळ दोनदा वाचली. हातोडीखालचा काळा तुकडा बोटाने चाचपला.

मग त्याने डोक्यावरची हॅट काढली आणि कात्री मागितली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा. पण टाकण्याआधी एकदा आत डोकावून बघा.