चढवलेल्या वह्या

शिवयोगीबुवांच्या अकरा वह्या भुवनेश्वरीनं वर्षभर बसून टाइप केल्या. शुक्रवार पेठेतल्या वाचनालयाची नोकरी सांभाळून, रोज दुपारी दोन तास. बुवांचं शिवकीर्तन तिनं आईच्या मांडीवर बसून ऐकलेलं. टाळ थांबला की बुवांचं एक वाक्य यायचं आणि अख्ख्या मंडपाचे डोळे भरायचे. बुवा गेले, ती वाक्यं तेवढी वह्यांत उरली.

सोमवारी तिनं ती फाईल वाचनालयाच्या नव्या डेटाबेसच्या तक्त्यात घातली. पडद्यावर आलं : ओळी दोन हजार एकशे चार, चूक शून्य. ओळी जुळल्या की मूळ फाईल आपोआप पुसली जावी, ही सोय तिनंच केलेली. जुन्या कॉम्प्युटरला जागा पुरत नव्हती. आनंदाच्या भरात तिनं बुवांच्या बायकोला, गिरिजाबाईंना, फोन लावला.

"आज्जी, सगळं चढवलं हं!"

"चढवलं? शिवा शिवा! सोनं झालं गं पोरी."

गुरुवारी तिनं तक्ता उघडला. साल होतं, पानाचा आकडा होता. पुढं मात्र प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं. मजकुराचा रकाना आखताना तिनं इंग्रजीपुरता चालणारा प्रकार निवडला होता. त्यानं मराठीचं एकूण एक अक्षर गिळलं होतं. आणि म्हणे चूक शून्य! मूळ फाईल तर सोमवारीच पुसली गेलेली. मग गिरिजाबाईंना परत दिलेल्या वह्या आठवल्या, तसा जीव भांड्यात पडला. पुन्हा एक वर्ष बसायचं, एवढंच की.

धापा टाकतच ती गिरिजाबाईंच्या दारात उभी राहिली. "आज्जी, वह्या द्या. पुन्हा टाइप करते."

"वह्या? त्या मंगळवारीच तळ्यात सोडल्या की."

"तळ्यात?"

"तूच म्हणालीस ना, चढवलं म्हणून? देवाला चढवलं की मागं उरतं ते निर्माल्य. ते काय रद्दीवाल्याच्या तराजूत घालू व्हय? शेजारच्या मल्लप्पाच्या रिक्षातनं नेल्या, हळदकुंकू वाहिलं. शाई कशी निळी निळी पसरत गेली, बघायला हवी होतीस."

भुवनेश्वरीनं मोबाईलवर तक्ता उघडून पुढं धरला. गिरिजाबाईंनी चष्मा चढवला.

"हे काय गं? नुसते कानच कान. मंडळी ऐकायला बसल्यागत." त्या हसल्या. मग बोट एका आकड्यावर थांबलं. "सत्त्याऐंशी साल. तेव्हा कीर्तनाला वैराग गावी होतो आम्ही. त्या दिवशी मला लई रडवलं होतं त्यांनी. काय म्हणाले होते बरं? वाच की."

भुवनेश्वरीनं बोटानं ती ओळ मोठी केली. प्रश्नचिन्हंच मोठी झाली.

"वाच की गं."

मग म्हातारीनं स्वतःच चाल धरली. चाल सगळी आठवत होती. टाळ थांबायची जागाही आठवली. तिथं त्या थांबल्या.

थांबूनच राहिल्या.