या गावात कोणीच आजारी नाही

झुंबरबाईंनी त्या सकाळी चहासाठी विहिरीचं पाणी घेतलं नाही. संग्रामपूरहून वीस लिटरचा जार आणवला होता. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, भांड्याला पांढरी खपली धरते, चहा खारट होतो. साऱ्या गावाला हे ठाऊक. पण आज लेकीला, छकुलीला, पाहायला पाहुणे येणार होते, आणि त्यांना ते ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं.

लपवायचं खरं तर दुसरंच होतं. छकुलीचा थोरला भाऊ राजकुमार, वय अवघं अठ्ठावीस, दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा खामगावला डायलिसिस. आज गुरुवार, त्याची पाळी. पण त्याला न्यायला गाडी दारात आली की पाहुणे विचारणार! याच पायी आधीची दोन स्थळं फिरली होती. या खाऱ्या पाण्यानं घरोघर किडन्या निकामी होत होत्या, आणि अशा किडनीवाल्या गावची पोरगी कोणी करत नाही आणि त्या गावात कोणी देतही नाही. म्हणून नारायणरावांनी, गावच्या कर्त्या माणसानं, घरोघर बजावून ठेवलं होतं, आरोग्य खात्याचे सर्वेवाले आले तरी तोंड उघडायचं नाही. तीन वर्षांपूर्वी झुंबरबाईंचे मालक वामनराव याच दुखण्यानं गेले, तर कागदावर हृदयविकार लिहिला गेला. कागदावर गाव ठणठणीत! ज्या गावांनी आपली आजारी माणसं दाखवली, तिथे गोड्या पाण्याचा नळ पोचला. आमच्या शहाण्यांनी मात्र अब्रू सांभाळली आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

"माय, एक पाळी हुकली तं काय होते?" राजकुमारच म्हणाला. "उद्या जाऊ. छकुलीचं जमू दे."

"दम लागून राह्यला काय रे तुले?"

"नाही वं. तू पोह्याचं पाह्य."

पोरगा खोटं बोलत होता आणि आईला ते कळत होतं. कळूनही त्यांनी त्याला मागच्या कोठ्यात, बैलांशेजारी, खाटेवर निजवलं. "खोकू नोको बरं, बाप्पा," म्हणाल्या आणि बाहेरून कडी लावली.

पाहुणे अकराला आले. पोहे झाले, छकुलीनं चहा दिला. मुलाच्या वडिलांनी घोट घेऊन मान डोलावली.

"लोकं काहीबी बोलतात बुवा. तुमच्या गावचं पाणी तं मस्त गोड हाय."

पाहुण्यांशेजारी बसलेले नारायणराव खो खो हसले. झुंबरबाईही हसल्या. तेवढ्यात मागे खाट करकरली. पुन्हा करकरली. छकुली उठू लागली, तशी आईनं तिला नजरेनंच दटावलं.

"बैल अंग घासून राह्यला असंन," नारायणराव म्हणाले.

पाहुणे साखरपुड्याची तारीख ठरवूनच उठले. झुंबरबाई कोठ्याकडे धावल्या तेव्हा एक वाजला होता. राजकुमारनं खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा दातांत घट्ट धरला होता, आवाज जाऊ नये म्हणून. डोळे उघडे होते. अंग अजून कोमट होतं.

नवव्या दिवशी आरोग्य खात्याच्या महामायाताई मृत्यूचं कारण विचारायला आल्या. ओसरीत नारायणराव बसलेलेच होते.

"हार्ट लिहा, ताई," त्यांनी परस्पर सांगून टाकलं. "पोरीचं जमून राह्यलं."

ताईंनी पेन टेकवलं.

"थांबा," झुंबरबाई म्हणाल्या. "किडनी लिहा. त्याच्या बापाचंबी किडनीच लिहा."

"वहिनी, पोरीचं वाटोळं करता काय?"

"होऊ द्या, काका," छकुली दारातून म्हणाली. "माह्या भावाचा जीव घेऊन मले लग्न नोको."

झुंबरबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या फॉर्मकडेच बघत होत्या. "आन ताई, तो निस्ता किडनीनं नाही गेला. लोकं काय म्हणतीन, या भेवानं म्या माह्या पोराले मारलं. हेबी लिहा."

ते लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. महामायाताईंनी किडनी लिहून पेन मिटलं आणि झुंबरबाईंचा हात हातात घेतला. तेव्हा कुठे त्या माउलीला रडू फुटलं.

नारायणराव उठले, चपला पायात सरकवल्या आणि तिथेच थबकले.

"ताई," ते हळूच म्हणाले, "माह्या घरीबी येजा. नातवाचे पाय सुजून राह्यले."