वरपर्यंत न पुरलेली केबल

मी एक जुनी वेल्डिंगची केबल आहे. आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांचा जाड पीळ, वर काळे रबर. मित्रांनो, माझ्या मालकांचे वेल्डिंगचे यंत्र फार जड. ते जिन्याखालीच ठेवायचे आणि त्याची वीज माडीवर, गच्चीवर न्यायची ती मी. मालक मला वेटोळे करून खांद्यावर वाहत. पुढे उंचावरची कामे कमी झाली आणि मी दुकानातल्या बाकाखाली धूळ खात पडले.

एकदा मालकांचे जावई नवी गाडी घेऊन आले. गाडीत त्यांनी भलामोठा अॅम्प्लिफायर आणि स्पीकर बसवले होते. पण गाण्याचा ठेका पडला की गाडीचे दिवे मलूल होत आणि आवाजही बसे.

"वायरी बारीक पडतायत गं," ते बायकोला म्हणाले. तेवढ्यात त्यांना मी दिसले. "ही बघ, भंगारात पडलीय!"

"बाबा माप घ्यायला गेलेत. येऊ दे की त्यांना."

"एवढ्याशा वायरीसाठी काय विचारायचं?"

त्यांनी करवतीने माझे तुकडे केले. एक बॅटरीपासून गाडीची वीज तयार करणाऱ्या ऑल्टरनेटरपर्यंत, एक गाडीच्या सांगाड्याला, सर्वांत लांब तुकडा मागे अॅम्प्लिफायरला. आता दिवे हलेनात आणि आवाज असा दणाणला, की शेजारीपाजारी गोळा झाले. "सगळी कमाल हिची!" जावई बॉनेट उघडून मला दाखवू लागले. इतकी वर्षे राबले, पण माझे कौतुक झाले ते त्या दिवशी. मला मात्र तोंड कुठे लपवू असे झाले होते.

मालक आले. बॉनेटखाली मला पाहून जागीच थबकले.

"मामा, बसा ना, ऐका!"

ते बसले. अख्खे गाणे ऐकले. "छान आहे आवाज," म्हणाले.

तेवढ्यात लेक बाहेर आली. "बाबा, त्या माडीवरच्या आजींचा कठडा आज लावणार होतात ना? जिन्यात पडल्यापासून त्या खाली उतरल्या नाहीत."

"बघू. केबल वरपर्यंत पुरायला हवी."

जावयांनी गाणे बंद केले. त्यांचा चेहरा पार उतरला. "मामा, आल्या आल्या माझा कान का नाही धरलात?"

"जावयाचा कान कोण धरतं?" मालक हळूच म्हणाले.

जावयांनी तिथेच मला गाडीतून सोडवले. मालकांनी माझे तुकडे जोडले, पण जोडांत माझी लांबी घटली आणि मी वरपर्यंत पुरेना. तेव्हा ते जड यंत्र जिन्यावर चढवायला जावयांनी स्वतः खांदा दिला. दिवेलागणीला आजी कठडा धरून एकेक पायरी उतरल्या आणि मालकांच्या जावयाला तोंडभर आशीर्वाद देऊ लागल्या. जावयांना मान वर करवेना.

जोडांच्या जागी मी अजून तापते. काम करताना मालक मधूनच तिथे हात लावून पाहतात. सोबत असलेले जावई अशा वेळी दुसरीकडे बघतात.

मित्रांनो, कोपऱ्यात पडलेली वस्तू बेवारस नसते. तिला हात लावण्याआधी तिच्या माणसाला विचारा. तो घरी नसेल, तर थोडा वेळ थांबा.