भावाचा माउस

पक्षाघातानंतर धाकट्या भावाचं एकच बोट हलतं राहिलं होतं आणि तो बोलायचा तो त्याच बोटाने. कॉम्प्युटरवर एकेक अक्षर उजळत जायचं. हवं ते आलं की तो माउसचं बटण दाबायचा. एका दुपारी ते बटण अडकलं.

नवा माउस आणावा तर त्याचं बटण घट्ट, त्या बोटाला न पेलणारं. हे बटण एका कारागिराने मुद्दाम सैल करून दिलेलं, आणि तो नेमका परगावी. पण ताईचा सगळा जन्म शिवणयंत्रापुढे गेलेला. "यंत्र ते यंत्र," म्हणत तिने माउस पालथा केला, खालच्या चकत्या नखाने सोलल्या आणि त्यांच्याआडचे दोन स्क्रू काढले. वरचं टरफल उचलताच तांदळाएवढी स्प्रिंग टुणकन उडाली.

तेवढ्यात तिचं भावाकडे लक्ष गेलं. डोळे विस्फारलेले, कपाळावर घाम.

"काय रे? छातीत दुखतंय?"

'हो' म्हणायचं तर तो डोळे मिटायचा. डोळे सताड उघडे.

"श्वास अडकतोय? पोट? डोकं? स्प्रिंगची काळजी करतोस? सापडेल रे!"

डोळे उघडेच. घशातून नुसती घुरघुर. ताईने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"निघते, पण अर्धा तास लागेल. नेमकं काय होतंय ते विचारा त्याला."

विचारा! त्याचं तोंडच तिने उसवून टेबलावर मांडलं होतं.

रांगत रांगत तिने कपाटाखालून स्प्रिंग काढली. बटणाखाली केसांचा आणि धुळीचा बोळा बसला होता, तो चिमट्याने ओढला. एका झटक्यात सुईत दोरा ओवणारी बाई, पण आता तिला स्क्रूचं भोक सापडेना. एक कसाबसा बसला, दुसरा तिने तसाच टाकला आणि माउस भावाच्या बोटाखाली सरकवला.

टिक.

का. ना. त. मुं.

"मुंगी? कानात?"

डोळे घट्ट मिटले.

तिने त्याची मान कलती केली, कानात कोमट तेलाचे थेंब सोडले. थोड्या वेळाने एक काळी मुंगी तेलावर तरंगत वर आली. भावाचा चेहरा हळूहळू सैल पडला. ताई जागच्या जागी फरशीवर बसली.

वर पुन्हा टिकटिक सुरू झाली. बऱ्याच वेळाने ओळ पुरी झाली: "सगळं विचारलंस, कान सोडून."

ताई हसली आणि हसताहसता हुंदके देऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी दार वाजवलं, तरी तिला उठवेना.