रुखवतातला कुत्रा

मी एक जुना लोकरीचा कुत्रा आहे. मित्रांनो, माझं नाव विचारू नका, कारण ते कुणी ठेवलंच नाही. सिल्लोडच्या कापसानं भरलेल्या कापडी अंगावर पांढऱ्या लोकरीचे गोंडे शिवून मला केलं आहे. डोळ्यांच्या जागी एका जुन्या कोटाची काळी बटणं आहेत आणि जीभ लाल कापडाची आहे. शहरातल्या पदमपुरा भागात, एका घरात, शोकेसच्या वरच्या फळीवर मी एकोणतीस वर्षं बसून आहे. मला भुंकता येत नाही, चावता येत नाही. संशय तेवढा घेता येतो, आणि तो मी मनापासून घेतो.

तुम्ही म्हणाल, एवढा संशयी कसा झालास? तर ऐका.

माझा जन्म सिल्लोडला झाला. सुरेखा आणि जोहरा या दोघी मैत्रिणी शेजारी राहायच्या. दोन्ही घरांना एकच भिंत होती. सुरेखाचं लग्न ठरलं आणि पंधरा दिवसांवर तारीख आली. रुखवतात मांडायला नवरीच्या हातच्या चार वस्तू लागतात. सुरेखाला गणितं पटापट सुटायची, पण सुई हातात धरली की दोरा गुंतायचा. तेव्हा जोहरा म्हणाली, "तू रडू नको. मी हाय ना." आणि तिनं आठ दुपारी बसून मला केलं. पुठ्ठ्याच्या चकतीवर लोकर गुंडाळायची, मधोमध दोऱ्यानं आवळायची आणि मग कडा कापायच्या, असा एकेक गोंडा तिनं केला. बटणं तिच्या अब्बांच्या कोटाची होती. तिनं ती न विचारता कापली होती, त्याबद्दल बोलणीही खाल्ली.

लग्नाच्या दिवशी मला टेबलावर सर्वांत पुढे ठेवलं. सुरेखाच्या मावशीनं सगळ्या वस्तूंसमोर एक चिठ्ठी लावली, 'चि. सौ. कां. सुरेखा हिने स्वहस्ते केलेले.' थोड्या वेळानं वराच्या आई आवडाबाई, ज्यांना सुरेखा पुढे आत्याबाई म्हणू लागली, रुखवत बघायला आल्या. त्यांनी मला उचललं, उलटंसुलटं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लई गुणाची सून मिळाली मला!"

जोहरा तिथेच उभी होती. तिनं सुरेखाकडे बघितलं. सुरेखानं खाली बघितलं. हे मी माझ्या बटणाच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.  जोहरा जेवून गेली की न जेवता, हे मात्र मला टेबलावरून दिसलं नाही. त्या दिवसापासून माणसांवरचा माझा विश्वास उडाला. ज्या घरात मी खोट्या नावानं आलो, तिथं कोण कधी काय करील याचा काय भरवसा?

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. माझ्यावर प्लास्टिकची पिशवी घातलेली असायची. पाहुणे आले की आवडाबाई ती काढायच्या आणि म्हणायच्या, "हा आमच्या सुरेखाच्या हातचा." पाहुणे माझ्या पाठीवरून हात फिरवायचे. त्यात एखादी बाई हमखास म्हणायची, "मला पण एक करून द्या की." त्या बाईचा मी फार संशय घ्यायचो. सुरेखा लगेच चहा ठेवायला आत जायची आणि बाई जाईपर्यंत बाहेर यायची नाही.

पुढे पिशवी फाटली. मग शोकेसमध्ये शाळेच्या ढाली आल्या, औषधांच्या पट्ट्या आल्या, बंद पडलेले रिमोट आले. माझी लोकर पिवळी पडली. कुणी लक्ष देईना. एक सुरेखा तेवढी बघायची. छावणी भागातल्या बाजारातून आली की कधी कधी ती भाजीची पिशवी तशीच खाली ठेवायची आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसून राहायची. मला वाटायचं, हिचा काही तरी बेत चालला आहे. पुरावा नष्ट करायचा असणार. पुरावा म्हणजे मीच.

यंदा सुरेखाच्या मुलीचं, तनुजाचं, लग्न ठरलं. तनुजा पंचवीस वर्षांची आहे, बिडकीनकडच्या एका कारखान्यात नोकरी करते. लग्नानंतर ती पुण्याला जाणार आहे. लग्न ठरल्याबरोबर घरात हालचाली सुरू झाल्या. एक सुतार आला आणि टेप लावून शोकेस मोजून गेला. इथं म्हणे टीव्हीचं नवं कपाट बसणार. मग तनुजानं माझे चारी बाजूंनी फोटो काढले. मित्रांनो, विकायच्या वस्तूचे फोटो काढतात हे मला ठाऊक आहे. मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर नजर ठेवली.

एका रविवारी दुपारी ती स्टूल घेऊन आली आणि शोकेस रिकामं करू लागली. सुरेखा खाली बसून वस्तू पुसत होती. आवडाबाई आत झोपल्या होत्या. तनुजा माझ्यावरची धूळ झटकत म्हणाली, "आई, मी इथून नेणार काय गं? लॅपटॉप, फोन आणि दोन बॅगा. ते सगळं दोन-तीन वर्षांत बदलेल. आपल्या कुणाच्या हातचं असं घरात हे एकच आहे."

सुरेखा ढाल पुसत राहिली.

"आणि ते भाड्याचं रुखवत मला नको. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात तीच तुळस, तीच बैलगाडी होती. फक्त नवरीच्या नावाची पाटी बदलली. त्यापेक्षा मला हा कुत्रा शिकव. फोटो काढून ठेवलेत, तसाच मी एक करते. तुझा आणि माझा, दोन्ही शेजारी ठेवू."

माझ्या मनात पाल चुकचुकली. सुरेखा म्हणाली, "आता कुठं मिळती तसली लोकर?"

तनुजानं पिशवीतून लोकरीचे चार गुंडे काढले. गुलमंडीच्या बाजारातून आणले होते. पुठ्ठाही कापून ठेवला होता. आता पळायला जागा नव्हती. सुरेखानं पुठ्ठा हातात घेतला, लोकर गुंडाळली, बराच वेळ गुंडाळत राहिली आणि शेवटी कात्रीनं कड कापली. सगळी लोकर तुकडे होऊन तिच्या मांडीवर पडली. ती दुसऱ्यांदा गुंडाळू लागली. पुन्हा तेच झालं. तनुजानं फोनवरचा व्हिडिओ पुढे केला. "आई, आधी मधे बांधतात. मग कापतात."

सुरेखा व्हिडिओकडे बघत राहिली. तनुजानं फोन बाजूला ठेवला आणि हळूच विचारलं, "हा तू केलेला नाहीस ना?"

मित्रांनो, एवढी वर्षं ज्या क्षणाला मी भ्यालो होतो, तो हाच. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण सुरेखानं मांडीवरची लोकर गोळा केली आणि सांगायला लागली. चिठ्ठी सांगितली, आवडाबाईंनी केलेलं कौतुक सांगितलं, जोहराची नजर सांगितली. मग जे सांगितलं ते मलाही नवं होतं. सुरेखानंतर दोन वर्षांनी जोहराचंही लग्न झालं आणि ती छावणीत आली. तिच्या नवऱ्याचं, वहाब यांचं, तिथं शिलाईचं दुकान आहे. आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर.

"बाजारात भेटती ती," सुरेखा म्हणाली. "आम्ही बोलतो पण. पण घरी ये म्हणायला माझी जीभच उचलत नाय. ती आली की आत्याबाई कुत्रा दाखवणार, आन् तिच्यासमोरच सांगणार की हा सुरेखाचा. मी पुन्हा कुठं तोंड लपवू?"

तनुजानं विचारलं, "आणि माझ्या लग्नाला?"

"यादीत नाव घातलं व्हतं. मंग खोडलं."

तनुजा उठली. तिनं मला एका कापडी पिशवीत घातलं, वर लग्नपत्रिका ठेवली आणि म्हणाली, "चल. आता चल."

रिक्षात मी वाईटसाईट विचार करत होतो. मला परत देऊन टाकायचं आणि आपण मोकळं व्हायचं, असा यांचा डाव असावा. नाहीतर जोहरा दार लावून घेईल. दार तिच्या मुलीनं, लाइबानं, उघडलं आणि ती "अम्मी!" अशी हाक मारत आत गेली. जोहरा बाहेर आली. केस पांढरे झाले होते, पण मी ओळखलं. सुरेखाला दारात बघून ती जागीच थांबली.

"या अल्ला. सुरेखा? घरी? कुणाचं काय झालं का?"

"कुणाचं काय नाय झालं. ही माझी तनुजा. हिचं लग्न हाय."

चहा आला. पत्रिका दिली. सुरेखानं मला पिशवीतून काढून जोहराच्या हातात ठेवलं आणि मान खाली घालून म्हणाली, "त्या दिवशी मी बोलायला पायजे व्हतं. नाय बोलले. तुझ्या हातचं माझ्या नावावर घेतलं."

जोहरानं मला उलटं करून पाहिलं. एक गोंडा सैल झाला होता, तो चाचपला. मग म्हणाली, "कुत्र्याचं मला काय वाटलं नाय गं. तुझ्यासाठीच केला व्हता. असे धा करून दिले असते. पण तू घरी बोलावलं नाय. बाजारात भेटली की हसायची, बोलायची, पण घरी ये कधी म्हणली नाय. मला वाटलं, तुझ्या सासरी आमचं येणं-जाणं चालत नसंल. मंग मीच कधी विषय काढला नाय. तुला कशाला अडचण."

सुरेखानं झटकन मान वर केली. "नाय गं जोहरा! कुणी कधी काय म्हणलं नाय. आत्याबाईनं नाय, ह्यांनी नाय. मीच. माझीच लाज." आणि ती रडायला लागली. तनुजा खिडकीबाहेर बघत बसली. जोहरानं सुरेखाला रडू दिलं.

मग म्हणाली, "हा इथंच राहू दे. गोंडा घट्ट करते, धुते. मी आणून देईन. तुझ्या घरी."

मी चार दिवस जोहराच्या घरी राहिलो. तिनं मला धुऊन उन्हात वाळवलं, लोकर विंचरली. तरी माझा संशय जाईना. ही खरंच येईल का? का सुरेखासारखीच उद्या उद्या करील? पाचव्या दिवशी ती नवी ओढणी घेऊन रिक्षात बसली. मला मांडीवर घेतलं होतं. वाटेत तिनं माझी लाल जीभ तीनदा सरळ केली.

घर पाहुण्यांनी भरलं होतं. आवडाबाई बाहेरच्या खोलीत कॉटवर बसल्या होत्या. अनोळखी बाईच्या हातात मला बघताच त्यांचे डोळे बारीक झाले. संशय घेण्यात त्या माझ्या वरताण निघाल्या.

"आवं बाई, आमचा कुत्रा तुमच्याकडं कसा? माझ्या सुनंच्या हातचा हाय तो."

जोहरा क्षणभर गोंधळली. मग हसून म्हणाली, "व्हय, तिच्याच हातचा. मी नुसता दुरुस्त केला."

सुरेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला पीठ लागलेलं होतं. सगळी खोली ऐकत होती. या वेळीही तिला गप्प राहता आलं असतं. जोहरानं वाट करून दिलीच होती.

"नाय, आत्याबाई," सुरेखा म्हणाली. "हिनंच केला. ही जोहरा, सिल्लोडची. तुम्ही मांडवात माझं कौतुक केलं तवा ही शेजारीच उभी व्हती, आन् मी गप बसले. त्याच लाजेपायी हिला आजपोत्तर घरी बोलावली नाय."

आवडाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग जोहराकडे. मग सुनेकडे.

"कुत्र्यापायी?" त्या म्हणाल्या. "लोकरीच्या कुत्र्यापायी तू माणूस दाराबाहेर ठेवलं?"

आवडाबाई कॉटवर जरा सरकल्या आणि शेजारची जागा हातानं झटकून जोहराला म्हणाल्या, "बस बाई. लई उशीर केला आम्ही."

मित्रांनो, एकोणतीस वर्षं मी प्रत्येकावर नजर ठेवली. सुतारावर, पाहुण्यांवर, तनुजावर. घरातून काही जाऊ नये म्हणून मी राखण करत होतो. एक माणूस घरात यायचंच राहिलं आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. त्या दिवशी मला माझी स्वतःची लाज वाटली.

तुमच्या घरातही माझ्यासारखं काही तरी असेल. गोधडी असेल, तोरण असेल, विणलेली टोपी असेल. ते कुणाच्या हातचं आहे, हे घरातल्यांना एकदा विचारा. ते माणूस जवळपास राहत असेल, तर आज संध्याकाळी त्याला चहाला बोलवा. आमच्यावरची धूळ उद्या झटकली तरी चालेल.