अर्ध्या दराचं गिऱ्हाईक

“सवलत नको आम्हाला. पूर्ण पैसे घ्या, पण फोन उचला.”

फोनवरच्या बाई चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. वन्संनी फोन स्पीकरवर टाकला आणि ऐकून घेतलं.

आमची कंपनी म्हणजे घरचीच तीन माणसं. नवरा प्रोग्रॅम लिहितो, मी बिलं करते आणि त्याची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, गिऱ्हाइकांचे फोन घेतात. शिड्या, खुर्च्या, यंत्रं भाड्याने देणारे आमचा प्रोग्रॅम वापरतात. काय बाहेर गेलं, काय परत आलं, ते त्यात दिसतं. सेवाभावी संस्थांना तो अर्ध्या दरात. ही सवलत नवऱ्याने वेबसाइटवर ठळक अक्षरांत मिरवली होती, फोनची रांग मात्र अशी लावली होती, की पूर्ण पैसेवाले आधी. बाईंची संस्था आजाऱ्यांना घरी वापरायला खाटा आणि चाकाच्या खुर्च्या फुकट देते. त्या सकाळपासून रांगेत ताटकळत होत्या.

“स्क्रीनवर एकही खाट शिल्लक दिसत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून आमची माणसं फोनवर सगळ्यांना नाही म्हणत राहिली. आज मी गोदामात गेले, तर खाटा भिंतीला लावून ठेवलेल्या. आणि एक आजोबा संध्याकाळी दवाखान्यातून घरी यायचेत. त्यांनाही नाही म्हणून सांगितलंय.”

“खाट परत आली की ‘जमा’ दाबत नाही का तुम्ही?”

“दाबलं की तुमचा प्रोग्रॅम आपोआप उशिराचा दंड लावतो, आणि पावती थेट घरच्यांच्या मोबाइलवर जाते. ज्यांचं माणूस गेलंय, त्यांना दंड कसा पाठवायचा हो? म्हणून कुणी दाबतच नाही.”

वन्सं फोन बाजूला ठेवून भावाच्या टेबलापाशी गेल्या.

“यांच्या प्रोग्रॅममधला दंड काढून टाक. आत्ता.”

“ताई, रांगेत बाकीची गिऱ्हाइकं आहेत. धंदा करायचाय की धर्मशाळा चालवायचीय?”

“दारात तू बोलावलंस. आता उंबऱ्यावर उभं करू नकोस. जमत नसेल तर ती जाहिरात उतरव.”

वन्सं आवाज चढवत नाहीत, म्हणून तर त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. माझं लग्नापासून कधी चाललेलं नाही आणि ते मला खुपतंही, पण त्या क्षणी मला त्यांचा मनापासून अभिमान वाटला. नवरा मान खाली घालून कामाला लागला. दंड गेला. फोनच्या रांगेतला ‘पूर्ण पैसेवाले आधी’ हा नियमही त्याने काढला, कुणी न सांगता.

“आता दाबा,” वन्सं बाईंना म्हणाल्या. “कुणाला काही जाणार नाही.”

बाईंनी आधी आजोबांची खाट रवाना केली. मग त्या एकेक नाव वाचून ‘जमा’ दाबू लागल्या. काही नावांवर त्यांचा आवाज अडायचा. तेव्हा वन्सं नुसतं “हं” म्हणून थांबायच्या. इकडे दुसरे फोन वाजायला लागले, तरी त्यांनी घाई केली नाही.

शेवटी नवरा उठला आणि त्याने वाजणारा फोन उचलला.

“ताई कामात आहेत,” तो म्हणाला. “बोला, मी घेतो.”